पिशवीचं बूड

चेन्नईतल्या कोयंबेडूच्या बाजारात जून 2022 मध्ये एक यंत्र बसवलं. दहा रुपयांचं नाणं टाकलं की पिवळ्या रंगाची कापडी पिशवी बाहेर येते. तमिळ माणूस तिला मंजप्पै म्हणतो. आता अशी यंत्रं चेन्नईत बऱ्याच ठिकाणी दिसतात. पिशवी अगदी साधी असते. कापड दुमडून दोन्ही बाजूंना टीप मारलेली, तोंडाशी पट्टी आणि दोन बंद. घडी केली की खिशात मावते, धुतली की लगेच वाळते. लग्नघरातून निघताना नारळ, विड्याची पानं, सुपारी घालून पाहुण्यांच्या हातात तांबूल म्हणून देतात तीही अशीच असते. नारळापुरती ती पुरेशी आहे. पण तिच्यात आविन दुधाची दोन पाकिटं, अर्धा किलो टोमॅटो, लाल भोपळ्याची फोड आणि ऑफिसातून परत आणलेला डबा भरून बघा. सगळं मधोमध घसरतं, टोमॅटो भोपळ्याखाली जातात, डबा आडवा होतो आणि उरलेलं सांबार कापडातून पाझरायला लागतं. जमिनीवर ठेवली की पिशवी बसकण मारते आणि आतलं निम्मं सामान बाहेर येतं.

हाताने शिवलेल्या पिशवीचं आयुष्य तिच्या बुडावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. कापड, रंगसंगती, बंदांची लांबी, आतला कप्पा, चेन यांवर आम्ही शिवणाऱ्या बायका तासन्‌तास बोलतो. बुडाबद्दल फारच कमी. पण जी पिशवी ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर, लोकलच्या डब्यात पायाशी उभी राहते ती रोज बरोबर नेली जाते. जी कोलमडते ती चार दिवसांनी कपाटात जाते आणि तिथेच राहते. कापडी पिशवी कपाटात राहणं ही साधी गोष्ट नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने 2011 मध्ये दुकानी पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या हिशेबात बरोबरी करायची तर सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. कापूस पिकवणं, सूत काढणं, विणणं, रंगवणं, या सगळ्यात जे खर्ची पडतं ते भरून निघायला तेवढ्या फेऱ्या लागतात. म्हणजे रोज बाजारात नेली तरी चार-साडेचार महिने. तोवर ती टिकली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवीशी वाटली पाहिजे.

तमिळनाडूत 1 जानेवारी 2019 पासून एकदा वापरून टाकायच्या 14 प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. महाराष्ट्रात ती त्याआधी, मार्च 2018 मध्येच आली होती. दोन्हीकडे पहिले काही महिने कडक गेले आणि मग पातळ पिशव्या हळूहळू गाड्यांवर परतल्या. 23 डिसेंबर 2021 ला मुख्यमंत्री स्टालिन यांनी चेन्नईत ‘मीण्डुम् मंजप्पै’, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम सुरू केली. पिवळी पिशवी घेऊन शहरात उतरणारा माणूस खेडवळ समजला जाई, त्या पिशवीला मान मिळवून द्यायचा हा प्रयत्न मला मनापासून आवडला. लाज घालवणं हे पहिलं काम होतं, ते झालं. सोय करणं हे दुसरं काम आहे आणि ते सरकार करणार नाही. ते घरच्या शिलाई मशिनवर होणार आहे.

आमचं घर चेन्नईच्या साहुकारपेठेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या भागातली गलाईवाली कुटुंबं देशभरच्या सोन्याचांदीच्या पेठांत पांगली, तशी इथेही मिंट स्ट्रीटच्या आसपास येऊन राहिली. पुरुषमाणसं मुशीत सोनं-चांदी गाळतात. बायकांचे हात घरच्या घरी कशात ना कशात गुंतलेले असतात. माझे पिशव्यांत गुंतले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायच्या पिशव्या, नवरात्रात बाहुल्यांचा गोलू मांडणाऱ्या तमिळ मामींना येणाऱ्या-जाणाऱ्या सवाष्णींच्या हातात द्यायला हव्या असतात त्या पिशव्या, आणि वर्षभर बाजारहाटाच्या, डब्याच्या, शाळेच्या. वाणाची पिशवी म्हटली की किमतीला मर्यादा येते. शंभर बायकांना लुटायचं म्हणजे प्रत्येक पिशवीमागे पाच रुपये वाढले तरी घरात कुरकुर होते. त्यामुळे बुडाला ताठपणा आणायचा तो जवळजवळ फुकटात, ही अट पहिल्यापासूनच होती, आणि या अटीमुळेच मला पुष्कळ शिकायला मिळालं.

पैसे मोजले तर चेन्नईत काय मिळत नाही? गोडाउन स्ट्रीटवर कापडाचे तागे, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि पुठ्ठे, सेंट्रल स्टेशनाच्या पलीकडे पेरियमेटमध्ये चामड्याचा सगळा बाजार. अंबूर, वाणियंबाडी, राणीपेटचे चामड्याचे कारखाने, अड्यारची 1948 पासूनची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि पेरियमेटची ही दुकानं, असा हा एकच गोतावळा आहे. तिथे सल्पा मिळतो. चामड्याचा भुसा आणि डिंक दाबून केलेली ही पत्र्यासारखी शीट पट्ट्यांत, पर्समध्ये आणि ऑफिसच्या बॅगांच्या बुडाला घालतात. चपलेच्या आतल्या तळाचा बोर्ड मिळतो. फोम, रेग्झिन, जाडं नॉन-वोव्हन, इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग, बुडाला ठोकायच्या पितळी घुंड्या, सगळं मिळतं. पेरियमेटच्या दुकानदार अण्णांनी मला एकदा सल्प्याच्या कातरणाचं अख्खं पोतं वजनावर दिलं होतं. मोठ्या मापाच्या बॅगा कापल्यावर उरलेले ते तुकडे वाणाच्या छोट्या पिशव्यांना बरोब्बर बसले. कुणी या वाटेने जाणार असेल तर कातरण मागावं, अख्खी शीट मागू नये. पण कातरणही दर वेळी मिळत नाही आणि विटा-आटपाडीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला पेरियमेट कुठून मिळणार? म्हणून मला घरातल्याच वस्तूंकडे वळणं अधिक खरं वाटतं.

घरात सगळ्यात चांगला पुठ्ठा कुठे असतो, तर भिंतीवर. तमिळ घरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. मराठी घरात कालनिर्णय असतं, 1973 पासून. ते कागदाचंच, खिळ्याला अडकवलेलं. तमिळ कॅलेंडरचं तसं नाही. त्याला पाठीमागे चांगला हातभर उंच, जाड पुठ्ठा असतो, वर मुरुगन किंवा लक्ष्मी किंवा पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती, खाली दुकानाचं नाव, आणि त्याखाली 365 पानांचा गठ्ठा. हे सगळं बहुतेक शिवकाशीला छापलं जातं. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, आपल्या ऑगस्टच्या सुरुवातीला, पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे नमुने तिथे बाहेर येतात आणि व्यापारी मागण्या नोंदवतात. डिसेंबरअखेर दुकानदार गिऱ्हाइकांना ती फुकट वाटतात. एका घरात तीन-चार सहज येतात. वर्ष संपलं की गठ्ठा संपलेला असतो आणि पुठ्ठा मात्र जसाच्या तसा उरतो. वर्षभर भिंतीवर लटकून, पंख्याच्या वाऱ्यात, पावसाळ्याची दमट हवा खाऊन तो वाकलेला नसतो. ज्या पुठ्ठ्याने या शहरात असं वर्ष काढलं, त्याची परीक्षा आपण वेगळी घ्यायला नको.

पण त्यावर देव असतो. आमच्या मजल्यावरच्या मामींनी मला आपणहून तीन वर्षांची कॅलेंडरं काढून दिली आणि देतानाच म्हणाल्या, “अम्मा, सामी खाली जाता कामा नये.” पिशवी जमिनीवर टेकणार, बसमध्ये पायाशी ठेवली जाणार, तिच्या बुडाशी मुरुगनाचं चित्र कसं चालेल? त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं, कारण माझ्या घरीही ते चाललं नसतं. त्यावर उपाय त्यांनीच दाखवला. ओल्या फडक्याने चित्राची कड भिजवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि कोपऱ्यातून वरचा छापील थर सावकाश ओढायचा. चांगल्या पुठ्ठ्यावरून तो एका पापुद्र्यात निघून येतो. तो पापुद्रा मामींनी घडी करून पूजेच्या खोलीतल्या डब्यात ठेवला. पुढे निर्माल्याबरोबर जाईल. खाली राहिलेला करडा पुठ्ठा उन्हात सपाट दाबून वाळवायचा. चित्र निघालेली बाजू थोडी खरखरीत होते, ती खोळीत घट्ट बसायला उलट चांगलीच. मी आता प्रत्येक कॅलेंडराचं असंच करते, कोणत्याही धर्माच्या दुकानाचं असो.

पुठ्ठ्याचा वैरी पाणी. कागदाला ताठपणा येतो तो त्याच्या तंतूंनी एकमेकांना घट्ट धरून ठेवल्यामुळे, आणि पाणी आत शिरलं की ती पकड सुटते. सांगलीकडच्या कोरड्या हवेत पुठ्ठ्याचं बूड वर्षानुवर्षं चालेल. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, बाकीचे महिने समुद्राची दमट हवा, आणि या सगळ्याच्या वर सकाळचं दूध. आविनचं पाकीट थंड असतं, त्याला बाहेरून पाणी सुटतं, आणि ते थेट बुडावरच ठेवलं जातं. उघडा पुठ्ठा अशा पिशवीत महिनाभरात पापडासारखा वाकतो. म्हणून त्याला पांघरूण लागतं आणि ते पांघरूणही दूधच देतं. बंदीतून दूध, दही, तेलाची पाकिटं वगळलेली आहेत, ती घरात रोज येणारच. पाकीट एका बाजूने कापून साबणाच्या पाण्यात धुवायचं, पालथं वाळवायचं, मग दोन कडा उघडून पसरायचं. दोन-तीन पाकिटं रुंद चिकटपट्टीने जोडली की पुठ्ठा गुंडाळण्याएवढं आवरण होतं. कडा खालच्या बाजूला दुमडून चिकटवायच्या, म्हणजे वरून सांडलेलं आत जात नाही. पाकीट नीट धुतलं नाही तर आंबट वास बसतो आणि तो जात नाही, एवढी एकच काळजी.

आता थोडं ताकदीबद्दल, कारण इथे बहुतेक जणी पुठ्ठ्याची जाडी वाढवतात आणि तरी बूड लोंबतं. दोन पुठ्ठे नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच दोन पुठ्ठे पूर्ण पृष्ठभागावर डिंक लावून एकजीव चिकटवले तर तो आठपट होतो. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, पण जाडी एकसंध असेल तरच. सुटे थर एकमेकांवरून घसरतात आणि वाकतात. चिकटवलेले थर घसरू शकत नाहीत. म्हणून चार सुटे पुठ्ठे कोंबण्यापेक्षा दोन नीट चिकटवलेले बरे, आणि पिशवी हलकीही राहते. डिंक लावून वर पाटा किंवा धुणं भिजवलेली बादली ठेवून रात्रभर दाबायचं. कुरिअरच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा वापरायचा असेल तर त्याच्या आतल्या नळ्या कोणत्या दिशेला आहेत ते बघायचं, कारण नळ्यांच्या रेषेवर तो सहज मुडपतो. एका थराच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या अशा चिकटवल्या की ही खोड जाते. आणि बुडाची लांबी फार नको. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाने बूड आठपट लोंबतं. बाजाराची पिशवी लांबट आणि उथळ करण्यापेक्षा आटोपशीर आणि खोल करावी, ती याच कारणाने.

बुडाची गोष्ट निघाली की मला अमेरिकेतल्या मार्गारेट नाइटची आठवण येते. तिच्या काळी कागदी पिशव्या पाकिटासारख्या चपट्या असत, यंत्रावर तशाच निघत. सपाट बुडाची पिशवी हाताने करावी लागे. स्प्रिंगफील्डच्या पिशव्यांच्या कारखान्यात कामाला असताना तिने कागद कापून, घडी घालून, चिकटवून चौकोनी बूड करणारं यंत्र बनवलं. नमुना तयार होत असताना एका माणसाने तो पाहिला आणि आपल्या नावाने पेटंट मागितलं. ती कोर्टात गेली, आपली रेखाटनं आणि टिपणं पुढे ठेवली आणि जिंकली. 1871 मध्ये पेटंट तिच्या नावावर झालं. आज किराण्याची जी कागदी पिशवी टेबलावर आपली आपण उभी राहते तिची मुळं तिथे आहेत. पिशवीचं बूड हे डोक्याने आणि जिद्दीने करायचं काम आहे, हे त्या बाईने दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध केलंय.

कापडाच्या पिशवीला चौकोनी बूड काढणं त्या मानाने सोपं. कापड एकाच लांबीचं घ्यायचं, एका तोंडापासून बुडाखालून दुसऱ्या तोंडापर्यंत, म्हणजे बुडाशी शिवणच येत नाही. इथल्या वायरच्या कूडैकडून ही गोष्ट घेण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या रंगीत वायरच्या या टोपल्या-पिशव्या महाराष्ट्रातही घरोघरी होत्या. तमिळनाडूत अजून भरपूर आहेत आणि शिवन्‌कण्ण म्हणजे शंकराचा डोळा नावाच्या गाठीने विणल्या जातात. त्यात आधी बूड विणतात आणि त्याच वायरी वर वळवून बाजू चढवतात. बूड आणि बाजू यांच्यात सांधा नसतो, म्हणून पाच किलो तांदूळ घातले तरी ती उसवत नाही. कापडातही ज्या रेषेवर वजन येतं तिथे शिवण येऊ नये. बाजूच्या दोन शिवणी मारून झाल्या की खालचा कोपरा त्रिकोणी ओढायचा, बाजूची शिवण बुडाच्या मध्यावर आणायची आणि आडवी टीप मारायची. टोकापासून पाच सेंटिमीटर आत टीप मारली की बूड दहा सेंटिमीटर रुंद होतं. बहुतेक जणी तो त्रिकोण कापून टाकतात. कापू नका. आतल्या बाजूला ते दोन त्रिकोण बुडावर दुमडतात. पुठ्ठ्याची दोन टोकं त्यांच्याखाली सरकवायची, त्रिकोणांच्या टोकांना नाडी लावून ती पुठ्ठ्यावर एकमेकींना बांधायची. पुठ्ठा जागचा हलत नाही आणि धुवायच्या वेळी नाडी सोडून काढता येतो. ज्यांना नीटनेटकं हवं त्यांनी त्याच कापडाची खोळ शिवावी, एक बाजू उघडी. पुठ्ठा अस्तरात कायमचा शिवून टाकू नये, एवढं मात्र मी आग्रहाने सांगते. असा शिवलेला पुठ्ठा पहिल्या धुण्यात पिशवीला घेऊन जातो.

पुठ्ठ्याला पर्याय पुष्कळ आहेत. परीक्षेचा पॅड, मोडलेल्या क्लिपसह, उत्तम. फक्त आरीने कापावा लागतो. जुन्या एक्स-रे फिल्म एकट्या लवचिक, पण दोन चिकटवून पुठ्ठ्यावर लावल्या की ओल अजिबात आत जात नाही. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती पोकळ नळ्यांची सनपॅक शीट चेन्नईच्या हवेला सगळ्यात मानवणारी आहे: हलकी, धुता येणारी, कातरीने कापता येणारी. थर्मोकोल नको, तो तुटतो आणि त्याचा चुरा भाजीत मिसळतो. खळीची कांजी लावून बूड कडक करायची जुनी पद्धत मला आवडते, आमच्या सासूबाई अजून बटव्यांना खळ देतात. पण इथे दमट हवेत तिला बुरशी येते, झुरळं आणि कसर लागते, आणि धुतली की ती गेलीच. कोराई गवताच्या चटईचा तुकडा मात्र जरूर वापरून बघावा. तिरुनेलवेलीकडच्या पत्तमडैची बारीक चटई नव्हे, साधी, घराघरांत झोपायला घेतात ती, कडा विरल्यावर टाकून दिलेली. काड्यांच्या दिशेने ती ताठ असते आणि दोऱ्यांच्या दिशेने गुंडाळली जाते. बुडात काड्या आडव्या घातल्या तर पिशवी उभीही राहते आणि रिकामी झाली की गुंडाळून पर्समध्येही जाते. मंजप्पैचा खिशात मावायचा गुण न घालवता तिला बूड द्यायचं असेल तर हाच रस्ता. पुठ्ठ्याचंही असं करता येतं: बुडाच्या मापाचा एक तुकडा घेण्याऐवजी तीन पट्ट्या घ्यायच्या, खोळीत तीन कप्पे टिपून एकेक पट्टी सरकवायची. टिपेच्या रेषांवर घडी पडते.

मऊ बूड हवं असेल, म्हणजे लहान मुलांच्या किंवा वहीपुस्तकांच्या पिशवीला, तर गोधडीला तोड नाही. जुन्या लुगड्याचे किंवा जीनच्या पँटचे चार-पाच पदर घेऊन जवळजवळ धावदोरा घातला की ते कापड पुठ्ठ्याएवढं कडक होत नाही, पण बसकण मारत नाही, इतकं अंग धरतं. टाके जितके दाट तितकं ताठ. मशिनवर हे करताना जाड सुई लावावी. हाताने घातलेला दोरा अधिक टिकतो, असं माझं मत. वाकळा शिवलेल्या बायकांना हे सांगायला लागत नाही. त्यांनी फक्त वीतभर तुकडा शिवायचा आहे.

प्लास्टिकविरुद्ध बोलणाऱ्या काही मैत्रिणींना मी कापडी पिशवीत तेलाच्या कॅनचा तुकडा घालते हे पसंत नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही. घरात आलेलं प्लास्टिक आलेलंच आहे. ते कोडुंगैयूर नाहीतर पेरुंगुडीच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाण्यापेक्षा दहा वर्षं पिशवीच्या बुडाशी कामाला आलेलं केव्हाही चांगलं. नवं प्लास्टिक विकत आणून घालू नये, इथे आमचं एकमत आहे. आणि काही कामांना दुसरं काही चालतही नाही. मिंट स्ट्रीटच्या एका कोपऱ्यावर मोगऱ्याचे गजरे विकणारी अक्का बसते. तिची फुलं सतत ओली, वर ओलं फडकं, खाली पाणी साचायचं आणि तळची फुलं काळी पडायची. तिने पिशवी मागितली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती की पुठ्ठा, चटई, गोधडी यांतलं काहीच चालणार नाही. तिळाच्या तेलाच्या पाच लिटरच्या कॅनची सपाट बाजू कापली. कॅनचा बाक त्या तुकड्यात राहतोच, तो गरम पाण्यात बुडवून वजनाखाली ठेवला तरी पूर्ण जात नाही. म्हणून फुगीर बाजू वर ठेवली. वजन पडलं की तो तुकडा दबून सपाट होतो. उलटा ठेवला असता तर मधोमध खड्डा झाला असता. कोपरे दहाच्या नाण्याभोवती रेघ मारून गोल कापले, कारण टोकदार कोपरा कापडाला आतून भोक पाडतो. कडा बारीक पॉलिशपेपरने घासल्या. दाभण तापवून तुकड्याला ओळीने भोकं पाडली. पिशवीच्या बुडाला कापडाऐवजी नायलॉनची जाळी आणि चारी बाजूंनी गोट. गोटाच्या आत दोरीऐवजी कूडैची वायर भरली, ती कुजत नाही आणि बुडाची चौकट धरून ठेवते. पाणी खाली गळून जातं, फुलं वर राहतात. अक्काने पिशवी हातात घेतली, उलटी केली, भोकांतून बोट घालून पाहिलं आणि विचारलं, “अजून दोन करशील? माझ्या बहिणीला आणि तिच्या सुनेला.” पैसे तिने गजऱ्यांत दिले. मी तिच्याकडून शिकले ते हे की पिशवी कुणासाठी आहे, तिच्यात काय जाणार आहे आणि ती कुठे टेकणार आहे, हे विचारल्याशिवाय बुडाचं सामान ठरवू नये.

खर्चाचं म्हणाल तर कॅलेंडरचा पुठ्ठा, दुधाची पाकिटं, कॅनचा तुकडा, चटईची कड, जुनं लुगडं, यांतलं काहीही विकत आणलेलं नाही. डिंक, चिकटपट्टी आणि दोरा यांचा काय तो खर्च, आणि तो पिशवीमागे दोन-तीन रुपयांच्या वर जात नाही. वेळ लागतो तोही पुठ्ठा वाळण्याचाच जास्त. संक्रांतीला प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या वाण म्हणून लुटण्याची पद्धत पडून गेली आहे. त्याऐवजी अशी बूड असलेली एक पिशवी दिली तर ती पुढच्या संक्रांतीपर्यंत रोज बाजारात जाईल.

तेव्हा यंदा 31 डिसेंबरला कॅलेंडर उतरवाल तेव्हा पुठ्ठा रद्दीत घालू नका. शेजारच्यांकडेही मागून ठेवा, ते आनंदाने देतात. तिळगूळ वाटायला त्यानंतर दोन आठवडे उरतात, तेवढ्यात पाच-पंचवीस पिशव्या सहज होतात. बुडाच्या मापापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान कापा, कोपरे गोल करा, आणि पुठ्ठा काढता-घालता येईल असाच ठेवा.